‘ओ माय गॉश’ मधली माय

मराठी व्याकरणात शब्दांच्या आठ जाती सांगितल्या आहेत. नामापासून सुरुवात होते आणि केवलप्रयोगी अव्ययापाशी शेवट होतो. हा शेवटचा धडा येईपर्यंत वर्ष सरत आलेले असते, परीक्षा तोंडावर असते. त्यामुळे गुरुजी तो एका तासात उरकतात आणि मुले यादी पाठ करून मोकळी होतात. हर्षदर्शक म्हणजे अहाहा, वाहवा. शोकदर्शक म्हणजे अरेरे, हाय. आश्चर्यदर्शक म्हणजे अबब, बापरे, अरेच्चा. प्रशंसादर्शक म्हणजे शाबास, भले. दोन-चार गुणांचा प्रश्न, यापलीकडे या अव्ययाला किंमत नाही. त्याचा वाक्यातल्या इतर शब्दांशी काही संबंध नसतो, त्याला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. शब्दांच्या गावात ते वेशीबाहेर राहणारे.

परंतु विचार केला तर असे दिसते की माणसाची खरी ओळख पटते ती याच शेवटच्या जातीवरून. नाम, विशेषण, क्रियापद हे सारे आपण निवडून वापरतो. भाषणात वेगळे, निबंधात वेगळे, घरी वेगळे. पण अंधारात पायाला ठेच लागली, अंगणात एकदम जनावर दिसले किंवा निकालाच्या यादीत आपला क्रमांक सापडला, म्हणजे शब्द निवडायला सवड नसते. जे आत असते तेच बाहेर पडते. म्हणून उद्गार बदलला, की आत काहीतरी बदलले आहे किंवा कोणीतरी ते बदलू पाहत आहे असे समजावे.

हे सुचायचे कारण म्हणजे हल्ली आपल्या महाविद्यालयांच्या आवारात ऐकू येणारा एक उद्गार. ‘ओ माय गॉड’ आता जुने झाले. तो तर तालुक्याच्या बाजारातही ऐकू येतो, आणि २०१२ साली त्याच नावाचा हिंदी चित्रपट आल्यापासून तो घरोघरी पोचला. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ‘गॉश’. ‘ओ माय गॉश, किती ऊन!’ ‘गॉश, सरांनी ट्यूटोरियल आजच मागितले!’ मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींतून तो आला आणि मुलामुलींच्या ओठांवर बसला. आता बोलणाऱ्याला त्याचा अर्थ विचारा. ‘अगं, असंच म्हणतात!’ एवढेच उत्तर मिळते. असंच कसे म्हणतील? प्रत्येक शब्दाला आईबाप असतात. ‘गॉश’चेही आहेत.

‘गॉश’ म्हणजे ‘गॉड’च. तोंड चुकवलेला गॉड. अठराव्या शतकापासून तो छापील इंग्रजीत आढळतो. ख्रिस्ती धर्मात ज्या दहा आज्ञा आहेत त्यांपैकी एक अशी की देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये. प्रार्थनेत घ्यावे, शपथेत घ्यावे. पण ठेच लागली म्हणून किंवा दूध उतू गेले म्हणून त्याचे नाव घेणे हे पाप. ही गोष्ट तिकडे किती गंभीरपणे घेत याचे एक उदाहरण आहे. १६०६ साली, म्हणजे शेक्सपिअर हयात असताना, इंग्लंडच्या संसदेने कायदा केला की रंगभूमीवर थट्टेने वा उद्धटपणे देवाचे नाव उच्चारणाऱ्यास दहा पौंड दंड होईल. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पण माणसाचे तोंड काही कायद्याने बंद होत नाही. उद्गार तर येणारच. मग लोकांनी युक्ती काढली. ‘गॉड’ म्हणायला तोंड उघडायचे आणि शेवटच्या क्षणी वळण घ्यायचे. त्यातून ‘गॉश’ झाला, ‘गॉली’ झाला. ‘जीझस’चे ‘जी’ झाले, ‘डॅम’चे ‘डार्न’ झाले, ‘हेल’चे ‘हेक’ झाले. अर्थ तोच, पण पाप लागू नये अशी सोय. म्हणून ‘गॉश’ हा सौम्य उद्गार समजला जातो. लहान मुलांच्या इंग्रजी गोष्टींत तो सररास सापडतो, कारण मुलांच्या तोंडी देवाचे नाव सैलपणे घालणे लेखकाला बरे वाटत नसे.

सगळेच काही इतके काटेकोर नव्हते. १९१७ साली इंग्लंडचे आरमारप्रमुख राहिलेले लॉर्ड फिशर यांनी चर्चिलसाहेबांना लिहिलेल्या एका पत्रात ‘ओ.एम.जी.’ ही तीन अक्षरे वापरली आणि त्यांचा अर्थही तेथेच देऊन टाकला. आपण ज्याला मोबाइलच्या पिढीचे पिल्लू समजतो ते शंभर वर्षांपूर्वीच्या एका म्हाताऱ्या दर्यासारंगाच्या कागदावर होते. ऑक्सफर्डच्या कोशाने त्याला २०११ साली आपल्यात जागा दिली.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे देवाच्या नावाचा कारभार अगदी उलटा आहे. तिकडे नाव व्यर्थ घेऊ नये. इकडे नाव कसेही घ्या, ते व्यर्थ जातच नाही! सकाळी दोघे भेटले की ‘राम राम’, कोणी गेल्याचे कळले की ‘राम राम’, घाण दिसली तरी ‘राम राम राम!’ उठताना ‘पांडुरंग’, बसताना ‘हरी हरी’, जांभई आली तर ‘नारायण नारायण’. परळीच्या वैजनाथाला निघालेला यात्रेकरू चढ लागला की ‘शंभो’ म्हणतो आणि घोटभर पाणी प्यायला की पुन्हा ‘शंभो’ म्हणतो. भागवतातली अजामिळाची कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. मरताना त्याने हाक मारली ती आपल्या मुलाला. मुलाचे नाव नारायण होते एवढेच. तरी तो तरला. वाल्याची कथा तर याहून बोलकी. त्याला ‘राम’ म्हणता येईना, तो ‘मरा मरा’ म्हणत राहिला आणि वाल्मीकी झाला. म्हणजे इंग्रजाने देवाचे नाव मोडले ते पाप चुकवण्यासाठी, आणि वाल्याच्या तोंडी ते मोडले तरी पुण्यच पदरात पडले. ज्या समाजात देवाचे मोडके नावसुद्धा चालते, तेथे ‘गॉश’ला काम काय उरले?

याचा अर्थ आपण काहीच लपवत नाही असा मात्र नाही. प्रत्येक समाजाला ज्याचे भय असते तेच त्याची भाषा झाकते. आपल्या घरात सायंकाळी साप म्हणत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात. निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, ती ‘वाढवली’ म्हणतात. नारळसुद्धा फोडत नाहीत, वाढवतात. ज्या रोगाने गावेच्या गावे ओस पडत त्याला आपण ‘देवी’ म्हटले. आमच्या आज्या तर नवऱ्याचे नावच घेत नसत. नाव घ्यायचेच झाले तर ते उखाण्यात गुंडाळून, दाराशी अडवल्यावर, लाजत. मृत्यू, वैधव्य, रोग आणि नवरा ही आपली भये आणि ही आपली झाकणे. ‘गॉश’ हे अशाच जातीचे इंग्रजांचे झाकण आहे. त्यात हसण्यासारखे काही नाही आणि मिरवण्यासारखेही काही नाही.

आणखी एक झाकण आपल्या तोंडी रोज असते, आणि त्याविषयी आपण बोलत नाही. ‘च्यायला’ हा शब्द घ्या. आपल्या भागात ‘मायला’ म्हणतात. गाडी सुटली की मायला, पाऊस आला की मायला, नाही आला तरी मायला, मित्राला पहिला वर्ग मिळाला तरी कौतुकाने मायला. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते हे मला मान्य आहे. परंतु हा शब्दही ‘गॉश’सारखाच अर्धवट तोडलेला आहे. ‘तुझ्या आईला’ या शिवीचे पुढचे क्रियापद गळाले, मागचे ‘तुझ्’ गळाले आणि जे उरले ते सौम्य ठरले. इंग्रजाने अर्धा शब्द गिळला तो देवाच्या भयाने. आपण अर्धे वाक्य गिळले ते कोणाच्या भयाने? आईच्या तर खात्रीने नाही; असते तर तिला त्या वाक्यात आणलेच नसते.

२०१० साली महेश मांजरेकरांचा ‘शिक्षणाच्या आयचा घो’ हा चित्रपट आला तेव्हा नावावरून मोठा वाद झाला होता. शिक्षण आणि आई या दोन्ही पवित्र गोष्टींचा अपमान झाला असे अनेकांना वाटले. तिकडे कोकणातली माणसे सांगत होती की मालवणीत ‘घो’ म्हणजे नवरा, तेव्हा आयचा घो म्हणजे फार तर बाप. यात एवढे काय? दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या. शब्द एकच, पण एका गावात तो शिवी, दुसऱ्या गावात नुसते नाते. मला नवल वाटते ते याचे की पडद्यावरच्या एका ‘आय’साठी जो समाज इतका हळवा होतो, त्याला चौकातल्या, बसस्थानकावरच्या, वर्गातल्या शेकडो ‘मायला’ ऐकू येत नाहीत.

आता ‘गॉश’चा आपल्याकडे खरा उपयोग काय तो पाहू. अर्थ आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडात त्याचा उपयोग पाप चुकवण्यासाठी झाला. आपल्याकडे त्याचा उपयोग गाव चुकवण्यासाठी होतो. ‘अबाबाबा!’ म्हटले की बोलणारा कुठल्या तालुक्याचा, कोणत्या घरचा, त्याच्या घरात कोणी शिकले आहे की नाही हे ऐकणाऱ्याला एका क्षणात कळते. ‘आगागा’, ‘आता गं बया’, ‘माय वं’ यांचेही तसेच. ‘गॉश’ म्हटले की काहीच कळत नाही. तो गुळगुळीत असतो. म्हणून तो हवासा वाटतो. माझे निरीक्षण असे आहे की जिन्यावरून पाय घसरल्यावर कोणीही ‘गॉश’ म्हणत नाही. तेव्हा सगळे ‘आई गं’ नाहीतर ‘अगं माय’च म्हणतात, मग त्यांच्या हातात कोणत्याही कंपनीचा मोबाइल असो. ‘गॉश’ निघतो तो दुसरे कोणी ऐकत असेल तेव्हा. म्हणजे व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर आपल्याकडे तो आश्चर्यदर्शक नाहीच. त्यासाठी दहावा प्रकार काढावा लागेल: शिक्षणदर्शक!

यावर कोणी म्हणेल, मिरवले थोडे तर बिघडले काय? वय आहे, मिरवू द्या. मिरवण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती मिरवण्याच्या दुसऱ्या टोकाला जे घडते त्याला. एका व्यक्तिमत्त्व विकास शिबिरातली गोष्ट सांगते; ते कोठे आणि कोणी भरवले होते हे सांगण्याचे कारण नाही. एक मुलगी पहिल्यांदाच ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली. समोरची गर्दी पाहून तिच्या तोंडून सहज ‘अबाबाबा’ निघाले. आवाज यंत्रातून सभागृहभर घुमला आणि सगळे हसले. मार्गदर्शकांनी हसणाऱ्यांना थांबवले नाही. उलट, ‘अशा वेळी वॉव किंवा ओ माय गॉश म्हणावे, म्हणजे इम्प्रेशन चांगले पडते’ असा सल्ला दिला. मुलगी हसली, खाली बसली आणि उरलेले दोन दिवस एक अक्षर बोलली नाही. तिच्या व्यक्तिमत्त्वाचा असा विकास झाला. तिचा दोष काय? आश्चर्य वाटले तेव्हा तिने आश्चर्यदर्शक अव्यय वापरले. परीक्षेत लिहिले असते तर गुण मिळाले असते.

बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलिअन’ १९१४ साली लंडनच्या रंगभूमीवर आले तेव्हा त्यातल्या फुले विकणाऱ्या मुलीच्या तोंडी असलेल्या ‘ब्लडी’ या एका शब्दाने खळबळ उडाली होती. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ दिले आणि भक्ती बर्वे यांनी ते गाजवले. भाषेचा एक प्राध्यापक पैज मारून एका गरीब मुलीचे उच्चार बदलतो, एवढीच गोष्ट. नाटक पाहताना आपण हसतो. पण त्यातला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही: बोली बदललेली ती मुलगी आता जायची कोठे? फुलांच्या बाजारात ती परकी आणि बंगल्यात ती पाहुणी. आमच्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलामुलींना हा प्रश्न पुस्तकातला वाटत नाही. आमच्या घरात या पायरीपर्यंत पोचलेली मी पहिली. वडील-आई दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. ऊसतोडीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना बाईच्या तोंडून जे ‘अगं माय’ निघते, त्याचा अर्थ कोणत्याही शब्दकोशात मावणार नाही. तो शब्द गावंढळ आहे असे मला कोणी सांगितले, तर मी त्याला विचारीन की त्या फळीवर कोणता शब्द सुसंस्कृत ठरतो?

आमच्या आईला इंग्रजी येत नाही. मागे एकदा दूरदर्शन संचावर मालिका चालू होती. त्यातली शहरी मुलगी जिन्यात पडली आणि ‘ओ माय गॉड’ म्हणून किंचाळली. आई चटकन म्हणाली, ‘‘बघ, एवढी शिकलेली हाय, पण लागलं की तिलाबी मायच आठवली.’’ ‘माय’ म्हणजे तिकडे ‘माझा’, हे तिला सांगायचे माझ्या मनात आले नाही. तिने त्या वाक्यातले तिला कळणारे एकच अक्षर उचलले आणि त्याला आपला अर्थ दिला. परभाषेतला शब्द आपलासा करायचा तो असा.

आणि असे आपण पूर्वीही केले आहे. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, शाळेची उर्दू. त्या काळातल्या आणि त्याही आधीच्या कितीतरी उद्गारांनी मराठीत घर केले. ‘शाबास’ हा मूळचा फारसी, ‘शाद बाश’, म्हणजे आनंदी राहा. आज तो व्याकरणाच्या यादीत मराठी म्हणून बसला आहे आणि गुरुजींनी पाठीवर थाप मारून ‘शाबास’ म्हटल्यावर कोणालाही तेहरान आठवत नाही. ‘वाहवा’ तसाच, ‘तोबा तोबा’ही तसाच. तेव्हा परका म्हणून ‘गॉश’ला हाकलावे असे म्हणणारा अडाणी ठरेल. उद्या पाय घसरल्यावर आपल्या नातवंडांच्या तोंडून खरोखरच ‘गॉश’ निघू लागला, तर तो मराठी झाला असे समजून यादीत घालावा. पण ‘शाबास’ येताना त्याने ‘भले’ला हसून बाहेर काढले नाही. दोघे शेजारी बसले. माझे भांडण एवढेच आहे.

या बाबतीत माझ्या एका मैत्रिणीने मला जे ऐकवले ते येथे नोंदवलेच पाहिजे, कारण त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. ती म्हणाली, ‘‘तू मुलांसारखं मायला म्हणू शकतेस का? म्हटलंस तर संध्याकाळपर्यंत घरी कळेल. अय्या म्हटलं तर पुण्याची म्हणून चिडवतात. इश्श आपल्यात कोणी म्हणतच नाही. बया बया म्हटलं तर म्हातारी. मग मुलीनं म्हणायचं तरी काय? गॉश म्हटलं की कोणी रागावत नाही.’’ तिचे म्हणणे खरे आहे. २००४ साली केदार शिंदे यांनी ‘अगं बाई अरेच्चा!’ या नावाचा चित्रपट काढला. नुसत्या दोन उद्गारांचे नाव. बायकांच्या मनातले न बोललेले शब्द एका पुरुषाला ऐकू येऊ लागतात अशी ती कल्पना. मुलींच्या मनात जितके उद्गार असतात त्यांतले ओठांवर येऊ दिले जातात ते थोडे. मुलाने तोंड टाकले तर तो बिनधास्त, मुलीने टाकले तर ती वाया गेली. अशा मुलीला ‘गॉश’चा आडोसा वाटत असेल तर तो मी कसा काढून घेऊ? मात्र आडोसा लागतो तेथे ऊन कोणी लावले आहे, हे मुलांनी एकदा स्वतःला विचारावे.

म्हणून उद्गार सौम्य की असभ्य हे ठरवायची माझी कसोटी वेगळी आहे. तो शहरी आहे की खेडवळ, इंग्रजी आहे की मराठी, हे पाहू नये. तो उच्चारताना आपण कोणाला वाचवतो आणि कोणाला खर्ची घालतो हे पाहावे. ‘गॉश’ म्हणणारा निदान आपल्या देवाला वाचवत होता. ‘अबाबाबा’ म्हणणारी कोणाच्याच वाटेला जात नाही. तो भाषेतला सर्वांत निष्पाप शब्द आहे, त्यात ना देव ना आई. ‘मायला’ म्हणणारा मात्र दुसऱ्याच्या आईला खर्ची घालतो. आणि तरीही आपल्या वर्गात हसू येते ते ‘अबाबाबा’ला, ‘मायला’ला नाही. ही कसोटी लावली तर सुधारायचे काय आणि राखायचे काय याबद्दल संशय उरत नाही.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आपल्यापैकी पुष्कळांनी वाचला असेल. २०१७ साली त्याच्यावर चित्रपटही आला. हा बनेश फेणे फुरसुंगी गावचा. पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आला तेव्हा बरोबर आपला एक उद्गार घेऊन आला: ‘ट्टॉक!’ तो कोणत्याही व्याकरणात नव्हता, इंग्रजीत नव्हता, पुणेरीही नव्हता. पण त्याने तो गिळला नाही. पुढे महाराष्ट्रभरची मुले टाळूला जीभ लावून ‘ट्टॉक’ करू लागली. गावाकडच्या मुलाने शहरासारखे बोलायला शिकावे असे त्या पुस्तकांनी सांगितले नाही. शहरातल्या मुलांनाच त्याच्यासारखे बोलावेसे वाटले.

आमच्या प्राध्यापकवर्गाला माझी एक नम्र सूचना आहे. मराठी विभागाने विद्यार्थ्यांना आपापल्या गावचे उद्गार जमा करून आणायला सांगावे. आष्टीचे वेगळे निघतील, माजलगावचे वेगळे. तांड्यावरचे, मोहल्ल्यातले, कारखान्याच्या कोप्यांतले वेगळे. कोण म्हणते, कोणापुढे म्हणते, कोणापुढे गिळते हेही लिहून आणावे. केवलप्रयोगी अव्यय त्याशिवाय कळणार नाही. आणि वर्गात कोणाच्या उद्गाराला हसू फुटले तर तास तेथेच थांबवून त्या हसण्याचा प्रकार विचारावा: हर्षदर्शक की तिरस्कारदर्शक?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हा सर्वत्र मुकुंदराजांचे नाव घेतले गेले. त्यांची समाधी आपल्याच अंबाजोगाईला आहे. महानुभाव पंथातली एक आठवण मला येथे महत्त्वाची वाटते. केशिराजांना नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहू नका असे बजावले. का, तर त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील. सातशे वर्षांपूर्वी एका आचार्याने ग्रंथाची भाषा ठरवताना म्हाताऱ्या बायांचा विचार केला. आपली मराठी अभिजात झाली ती अशा विचारामुळे. तो दर्जा नुसता ग्रंथांना मिळालेला नाही. ज्या म्हाताऱ्यांसाठी ते ग्रंथ लिहिले गेले त्यांच्या ‘बया बया’लाही मिळाला आहे.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, ज्याला ‘गॉश’ म्हणायचे त्याने खुशाल म्हणावे. निदान त्याचा अर्थ आता ठाऊक झाला. आपल्या गावचा उद्गार तोंडात आला तर तो गिळू नये. दुसऱ्याचा ऐकला तर हसू नये. आणि काही गिळायचेच असेल तर ‘मायला’ गिळावे. माय दुखण्यात आठवते तेवढी पुरे. तिला रागात ओढू नये.